अंड्याचे वावडे आणि बालशरीराची सहिष्णुता

'वावडे' हा मराठीतील एक सोयीचा शब्द आहे. एखाद्यास वांगे चालत नाही, एखाद्यास आंबट ताकाने सर्दी होते, एखाद्यास सासुरवाडीचेही वावडे असते! अंड्याच्या बाबतीत मात्र या शब्दाचा सैल वापर परवडणारा नाही. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली व पुढे तिच्या कक्षेत आलेल्या सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंडी अथवा केळी देण्यात येऊ लागली. शाळांतील पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो ऐच्छिक करून त्याचा खर्च लोकसहभागावर सोपविण्यात आला. अशा प्रकारे अंडे हा केवळ घरच्या स्वयंपाकघराचा विषय न राहता अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्याही विचाराचा विषय झालेला आहे. मूल अंडे खाऊन ओकले म्हणजे त्याचे नाव कायमचे वगळावयाचे, की 'सवय होईल' म्हणून त्याला पुन्हा खाऊ घालावयाचे, या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एका बाजूस सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिनांचा स्वस्त घास मुलाच्या तोंडून जातो, आणि दुसऱ्या बाजूस क्वचित प्रसंगी त्याच्या जिवावर बेतते.

प्रस्तुत लेखक वैद्यक व्यवसायातील नाही. तथापि या विषयावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले आहे, त्यातील मुख्य सूत्र सामान्य वाचकास समजण्यासारखे आहे; आणि ते समजल्यास पुष्कळशी भीती, तसाच पुष्कळसा निष्काळजीपणाही, दूर होऊ शकेल.

वावडे म्हणजे नेमके काय?

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. 'निराळी' आणि 'क्रिया' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. एखाद्या बाह्य पदार्थाशी एकदा संबंध आल्यावर शरीराची पुढची प्रतिक्रिया बदलते, एवढाच त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मग तो बदल संरक्षक असो वा अपायकारक. पुढे अपायकारक अर्थ तेवढा रूढ झाला व संरक्षक अर्थ विस्मृतीत गेला. सहिष्णुतेचा विचार करताना पिर्के यांचा मूळ व्यापक अर्थच अधिक उपयोगी पडतो, असे वाटते.

हा बदल रक्तात कोठेतरी साठविला जातो, हे १९२१ मध्ये एका साध्या प्रयोगाने सिद्ध झाले. हाइन्झ क्युस्टनर या जर्मन वैद्यांना माशाचे वावडे होते. त्यांच्या रक्तातील रसाचा अंश त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ज्या प्राउस्निट्झना मासा सहज पचत असे, त्यांच्या त्वचेवर त्या ठिकाणी गांधी उठली. रसातील हा अज्ञात घटक कोणता, याचा उलगडा होण्यास मात्र आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६ च्या सुमारास अमेरिकेतील डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे, एका नव्या प्रतिपिंडाचा शोध लावला. १९६८ मध्ये त्यास 'इम्युनोग्लोब्युलिन ई' हे नाव देण्यात आले. आपण त्यास पुढे 'ई प्रतिपिंड' असे म्हणू.

रक्तात हे प्रतिपिंड अत्यल्प असतात. त्यांचे खरे ठिकाण म्हणजे त्वचा, श्वासनलिका व आतडी यांच्या अस्तरात पहारा देणाऱ्या मास्ट पेशी. या पेशींच्या पृष्ठभागावर ई प्रतिपिंड चिकटून बसलेले असतात आणि पेशींच्या पोटात हिस्टामीनादी द्रव्यांचे कण भरलेले असतात. अंड्यातील प्रथिन येऊन दोन शेजारी प्रतिपिंडांना एकाच वेळी जोडले गेले की पेशी आपले कोठार रिते करते. त्यातूनच अंगावर पित्त उठणे, ओठ व डोळे सुजणे, उलटी, पोटात मुरडा, खोकला आणि धाप ही लक्षणे काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसू लागतात. रक्तदाब उतरून मूल निपचित पडणे ही या प्रतिक्रियेची अत्यंत गंभीर अवस्था होय.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, प्रतिपिंड तयार होण्यासाठी अंड्याशी आधी ओळख व्हावी लागते. दुसरी अशी की, नासके अंडे खाऊन झालेला त्रास, अंड्याच्या वासाने येणारी मळमळ, अथवा शाकाहारी घरातील मुलाला वाटणारा संकोच यांपैकी कोणतीही गोष्ट ॲलर्जी नव्हे. ई प्रतिपिंडांशी संबंध नसलेला आणखी एक प्रकार तान्ह्या मुलांत आढळतो. त्यात अंडे खाल्ल्यावर एक ते चार तासांनी एकसारख्या उलट्या होतात व मूल पांढरेफटक पडते; तो विषय निराळा असल्याने येथे केवळ उल्लेख करून पुढे जाऊ.

अंड्यातील दोन प्रथिनांची कथा

अंड्याच्या पांढऱ्या भागात निम्म्याहून अधिक प्रथिन हे ओव्हाल्ब्युमिन असते. ओव्होट्रान्सफेरिन सुमारे १२ टक्के, ओव्होम्युकॉइड सुमारे ११ टक्के आणि लायसोझाइम तीन-साडेतीन टक्के असते. (हे लायसोझाइम म्हणजे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलीनच्या आधी, १९२२ मध्ये, वर्णन केलेले जंतुनाशक द्रव्य होय.) पिवळ्या बलकातील प्रथिनांमुळेही कधी कधी त्रास होतो, परंतु बालकांच्या बाबतीत मुख्य कारण पांढऱ्या भागात असते.

ओव्हाल्ब्युमिन हे उष्णतेने लवकर आपला घाट सोडते. दोरीचा नीट बांधलेला गुंडा सुटून तिचा गुंता व्हावा, तसे ते होते. ओव्होम्युकॉइडचा घाट मात्र गंधकाच्या बंधांनी आतून जखडलेला असल्याने उकळल्यानेही तो सहसा मोडत नाही, आणि जठररसालाही ते पुष्कळ काळ दाद देत नाही. प्रमाणाने एक नवमांश असूनही अंड्याच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या वावड्यात त्याचा वाटा मोठा असतो, तो यामुळेच.

ज्या मुलाचे ई प्रतिपिंड केवळ प्रथिनाचा घाट ओळखतात, त्याच्या दृष्टीने घाट मोडला की शत्रू ओळखू येईनासा होतो. असे मूल कच्च्या अथवा अर्धवट शिजलेल्या अंड्याने बाधित होते, परंतु पिठात मिसळून भट्टीत अर्धा तास भाजलेल्या केकमधील तेच अंडे त्याला निर्धास्त पचते. उलट ज्याचे प्रतिपिंड प्रथिनाच्या साखळीतील कड्यांचा क्रमच ओळखतात, त्याला अंडे कसेही शिजवा, ते बाधतेच. न्यूयॉर्क येथील माउंट सिनाई वैद्यकीय संस्थेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंड्याचे वावडे असल्याचे मानल्या गेलेल्या ११७ मुलांना देखरेखीखाली अंडे घालून भाजलेले पदार्थ देण्यात आले. त्यांपैकी केवळ २७ मुलांना त्रास झाला. ६४ मुलांना भाजलेले अंडे चालले पण साधे चालले नाही, आणि २३ मुलांना तर साधे अंडेही चालले. म्हणजे 'अंड्याचे वावडे' या एकाच शिक्क्याखाली तीन निरनिराळ्या प्रकारची मुले उभी होती.

आपल्याकडील पदार्थांना हे लावून पाहताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बुर्जी व ऑम्लेट हे पदार्थ तव्यावर दोन-तीन मिनिटांत होतात. त्यातील अंडे भट्टीतील केकमधल्या अंड्याइतके बदललेले नसते. उकडलेले अंडे या दोहोंच्या मध्ये येते. तेव्हा 'मुलाला केक चालतो, मग आमलेटला काय झाले?' हा प्रश्न तर्काला धरून वाटला तरी चुकीचा आहे.

सहिष्णुता ही शिकावी लागते

खरे आश्चर्य मुलांच्या शरीराने अंड्याविरुद्ध उठाव करावा याचे नाही. बहुतेक मुलांची शरीरे तो करीत नाहीत, याचे आहे. आयुष्यभरात आपण खंडीगणती परके प्रथिन गिळतो. आतड्यांचे अस्तर आणि रोगप्रतिकारक पेशी यांची तेथे अक्षरशः गर्दी असते. तरीही सारे शांत असते. ही शांतता म्हणजे निष्क्रियता नव्हे, हे १९११ मध्येच सूचित झाले होते. अमेरिकेतील गिडिऑन वेल्स यांनी गिनी पिग या प्राण्यांना आधी अंड्याचे प्रथिन खाऊ घातले आणि नंतर तेच टोचले. ज्यांनी ते खाल्ले होते, त्यांना टोचण्याची घातक प्रतिक्रिया झाली नाही. तोंडावाटे आलेल्या पदार्थाची ओळख शरीर मित्र म्हणून करून घेते, असा त्याचा इत्यर्थ.

या ओळखीची यंत्रणा आता बरीच उलगडली आहे. आतड्याच्या अस्तराखालील विशिष्ट पेशी अन्नातील प्रथिनाचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि तेथे 'नियामक टी पेशी' घडवितात. जीवनसत्त्व 'अ' पासून बनणारे एक द्रव्य या कामी साहाय्य करते. नियामक पेशींचे काम लढण्याचे नसून इतरांना लढण्यापासून परावृत्त करण्याचे असते. त्यांच्या प्रभावाने ई प्रतिपिंड घटतात व त्याच प्रथिनाविरुद्ध 'जी-४' नावाच्या सौम्य जातीचे प्रतिपिंड वाढतात. ते प्रथिनाला मास्ट पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच अडवितात, असे मानले जाते. वावडे सुटत असलेल्या मुलांच्या रक्तात ई प्रतिपिंडांचे प्रमाण वर्षागणिक उतरताना दिसते, ते याच कारणाने.

मग काही मुलांत हे शिक्षण बिघडते का? लंडन येथील गिडिऑन लॅक यांनी २००८ मध्ये मांडलेली उपपत्ती आज बव्हंशी मान्य आहे. अन्नाची पहिली ओळख तोंडावाटे झाली तर सहिष्णुता येते. ती जर इसबाने फुटलेल्या त्वचेवाटे झाली तर वैर निर्माण होते. ज्या घरात अंडे शिजते, तेथील हातांवर, अंथरुणावर व धुळीत त्याचे सूक्ष्म अंश असतात. तान्ह्या मुलाच्या गालावर व कोपरांच्या लवणीत इसब असेल तर हे अंश त्वचेतून आत जातात. इसब आणि अंड्याचे वावडे ही दोन्ही एकाच मुलात वारंवार आढळतात, त्याची संगती यामुळे लागते.

किती मुलांचे वावडे सुटते?

याविषयीचे आकडे वाचताना ते कोठून गोळा केले हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील तज्ज्ञ चिकित्सालयात आलेल्या मुलांच्या २००७ मधील आढाव्यात चौथ्या वर्षापर्यंत केवळ ४ टक्के, सहाव्या वर्षापर्यंत १२ टक्के, दहाव्यापर्यंत ३७ टक्के आणि सोळाव्या वर्षापर्यंत ६८ टक्के मुलांचे वावडे सुटलेले आढळले. हे चित्र निराशाजनक वाटेल. परंतु मोठ्या चिकित्सालयात मुळातच गंभीर रुग्ण येतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात मात्र लसीकरण केंद्रांवर आलेल्या पाच हजारांहून अधिक सर्वसाधारण बालकांची एक वर्षाच्या सुमारास तपासणी करण्यात आली. तेथे सुमारे ९ टक्के बालकांत कच्च्या अंड्याचे वावडे आढळले, आणि दोन वर्षांच्या वयापर्यंतच त्यांतील ४७ टक्के मुलांत ते नाहीसे झाले; सहाव्या वर्षापर्यंत हे प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. वर्षाच्या वयात ज्यांना भाजलेले अंडे चालत होते, त्यांपैकी ५६ टक्के मुले दुसऱ्या वर्षापर्यंत मोकळी झाली. ज्यांना तेही चालत नव्हते, त्यांपैकी केवळ १३ टक्के.

तीव्र इसब, दमा, ई प्रतिपिंडांचे चढे प्रमाण आणि विशेषतः ओव्होम्युकॉइडविरुद्धचे प्रतिपिंड ही वावडे रेंगाळण्याची लक्षणे समजली जातात.

निसर्गाची वाट न पाहता सहिष्णुता शिकविता येईल काय? हा प्रयत्नही जुना आहे. १९०८ मध्ये इंग्लंडमधील डॉ. आल्फ्रेड स्कोफील्ड यांनी अंड्याने अत्यवस्थ होणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलाला अंड्याचा दहा हजारावा भाग असलेल्या गोळ्या देण्यास आरंभ केला आणि मात्रा हळूहळू वाढवीत काही महिन्यांत त्याला अंडे खाण्यायोग्य केले. याच तत्त्वाची काटेकोर परीक्षा अमेरिकेत झाली व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच ते अकरा वर्षांच्या ४० मुलांना अंड्याची भुकटी वाढत्या मात्रेत देण्यात आली. बावीस महिन्यांनी ७५ टक्के मुले अंडे पचवू शकली. परंतु भुकटी व अंडे दोन महिने पूर्ण बंद ठेवून पुन्हा पाहिले असता ते प्रमाण २८ टक्क्यांवर आले. रोजची मात्रा चालू असेतोवर टिकणारी सवय वेगळी आणि मुरलेली सहिष्णुता वेगळी, हा भेद या प्रयोगाने स्पष्ट केला. असे उपचार रुग्णालयातील तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावयाचे असतात. घरी चमचाचमचा अंडे चाटवून पाहणे धोक्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

सल्ला उलटा का फिरला?

इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲलर्जीचा धोका असलेल्या बालकांना दोन वर्षांपर्यंत अंडे देऊ नये, असा सल्ला दिला होता. २००८ मध्ये तो मागे घेण्यात आला, कारण उशिरा अंडे दिल्याने वावडे टळते याला आधार मिळाला नाही. जपानमधील २०१७ चा एक अभ्यास याहून पुढे गेला. इसब असलेल्या १४७ बालकांच्या त्वचेवर आधी नीट उपचार करून त्यांपैकी काहींना सहाव्या महिन्यापासून शिजविलेल्या अंड्याची भुकटी रोज ५० मिलिग्रॅम आणि नवव्या महिन्यापासून २५० मिलिग्रॅम देण्यात आली. वर्षाच्या वयात या गटात ८ टक्के, तर भुकटी न दिलेल्या गटात ३८ टक्के बालकांत अंड्याचे वावडे आढळले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. याउलट ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र इसब असलेल्या बालकांना कच्च्या अंड्याची भुकटी दिली असता जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या बालकांना प्रतिक्रिया झाल्या. तेव्हा शिजविलेले अंडे, थोडे, नियमित आणि इसब आटोक्यात आल्यावर, हा यातील मथितार्थ. सहा महिन्यांनंतर पूरक आहार सुरू करताना, कुटुंबात अंडे खाल्ले जात असेल तर ते मुद्दाम लांबणीवर टाकण्याचे कारण उरलेले नाही. तीव्र इसब असलेल्या बालकाविषयी मात्र आधी डॉक्टरांस विचारावे.

आपल्या देशात

कर्नाटकात झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. प्रौढांपैकी सुमारे २६ टक्के व्यक्तींच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध ई प्रतिपिंड आढळले. पण लक्षणांसह संभाव्य ॲलर्जी सव्वा टक्क्याच्या आसपासच होती. शालेय मुलांत तर हे प्रमाण ०.१४ टक्के एवढेच निघाले. रक्तात प्रतिपिंड असणे आणि आजार असणे यांत किती अंतर आहे, हे यावरून दिसते. शहरांतून पन्नास-शंभर पदार्थांची यादी असलेल्या रक्ततपासण्या हल्ली सर्रास केल्या जातात आणि त्या कागदाच्या आधारे मुलाच्या ताटातील अर्धे पदार्थ काढून घेतले जातात. ही प्रथा, स्पष्टच सांगावयाचे तर, मुलाला उपाशी ठेवण्याचा खर्चिक मार्ग आहे. अंडे खाल्ल्यावर काय झाले, किती वेळात झाले, पुन्हा तसेच झाले काय, ही हकीकत प्रथम. तपासणी तिच्या पुष्टीसाठी.

हीच हकीकत शाळेच्या वहीत असावी. 'अंडे नको' एवढ्या दोन शब्दांच्या नोंदीतून मुलाच्या घरी अंडे वर्ज्य आहे, त्याला ते आवडत नाही, की खाल्ल्यास त्याला धाप लागते, हे कळत नाही. पहिल्या दोन्ही मुलांना केळे देऊन प्रश्न सुटतो. तिसऱ्याच्या बाबतीत अंडाकरीची पळी वरणात बुडता कामा नये, आणि दुसऱ्या शिक्षकाची बदली होऊन आली तरी ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. अशा नोंदीवर तारीख असावी आणि दरवर्षी पालकांकडून ती पुन्हा तपासून घ्यावी. कारण वर दिलेल्या आकड्यांनुसार पहिलीत खरी असलेली नोंद चौथीपर्यंत खोटी ठरण्याचा संभव मोठा आहे. मात्र ती खोटी ठरली किंवा कसे, हे ठरविण्याचे ठिकाण रुग्णालय आहे, शाळेचा ओटा नव्हे.

प्रतिक्रिया आलीच तर केवळ गांधी उठल्या असतील तेव्हा मुलाकडे लक्ष ठेवून डॉक्टरांस कळवावे. आवाज बसणे, धाप, वारंवार उलट्या अथवा ग्लानी दिसताच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, मुलाला आडवे निजवून पाय किंचित उंच करावेत. धाप असल्यास टेकवून बसवावे, परंतु चालवत नेऊ नये. अशा वेळी प्राण वाचविणारे औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलीन होय. त्याची मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ०.०१ मिलिग्रॅम असते व ती प्रशिक्षित व्यक्तीने द्यावयाची असते. ॲलर्जीच्या साध्या गोळीने खाज थांबते, कोसळणारा रक्तदाब सावरत नाही.

राहता राहिला लसीकरणाचा प्रश्न. 'मुलाला अंडे चालत नाही, मग गोवराची लस कशी द्यावी?' अशी शंका अनेक पालक विचारतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीतील विषाणू कोंबडीच्या नव्हे, तर मानवी पेशींवर वाढविलेले असतात. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या ज्या लशींत कोंबडीच्या गर्भपेशी वापरल्या जातात, त्याही अंड्याचे वावडे असलेल्या मुलांना देता येतात, असा अनुभव आहे. इन्फ्लुएंझाच्या लशीबाबत पूर्वी पाळली जाणारी विशेष बंधनेही आता शिथिल झाली आहेत. पीतज्वराची लस मात्र अंड्यात वाढविलेली असून तिच्यात अंड्याचे प्रथिन तुलनेने अधिक असते. आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेच्या प्रवासासाठी ती घेण्याचा प्रसंग आल्यास वावडे असलेल्या मुलाच्या पालकांनी आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.